हे रुखवत न्हाई

उमाजी वायरमनचा पाय झरीच्या चावडीवर पडणार, इतक्यात खालून कुणीतरी ओरडलं.

"अवं, पाय उचला! चावडी हाय तिथं!"

उमाजी शिडीवरून अर्धा माळ्यावर चढला होता. दातांत टेस्टर, खांद्यावर वायरचं भेंडोळं, एक पाय शिडीवर आणि दुसरा हवेत. चावडी तर वेशीजवळ, आणि आपण दत्तरावांच्या घरात... मग ती आपल्या पायाखाली आली कुठून? त्यानं बॅटरी मारली आणि तसाच बघत राहिला. माळ्यावरच्या अंधारात खरोखरच चावडी उभी होती. हातभर लांब, वीतभर उंच. ज्वारीच्या धाटांच्या भिंती, पुठ्ठ्याचं छत, पुढं ओटा, ओट्याला पायऱ्या. नोटीस डकवायचा फळा होता आणि फळ्यावर तांदळाएवढी नोटीससुद्धा होती. शेजारी तालीम. तालमीच्या मागं कापसाची जिन, तिला पत्र्याची चिमणी.

"सगळं गाव माळ्यावर कुनी आनून ठेवलं?" टेस्टर तोंडातून काढत त्यानं विचारलं.

"मी."

खाली शिडी धरून एक मुलगी उभी होती. सावळी, लांब मानेची, आणि डोळे असे की समोरच्यानं आधी आपली चूक शोधावी.

"तुमी मालकीन का गावाच्या?"

"व्हय."

"मंग घरपट्टी तुमच्याकडंच भरावं लागंल म्हना."

"घरपट्टी ऱ्हाऊ द्या. आधी खाली उतरा."

उमाजी उतरला. उतरताना हसला, आणि चतुराला त्या हसण्याचा रागच आला. म्हणजे तिला तेव्हा तो राग वाटला.

चतुरा ही दत्तरावांची एकुलती मुलगी. दहावी झाली, परभणीच्या कॉलेजचं नाव काढलं, तर दत्तराव म्हणाले, बघू. आणि ते बघणं काही अजून संपलं नव्हतं. तोवर तिनं माळ्यावर आपलं दुकान मांडलं. धाटं सोलायची, आतला पांढरा गाभा ब्लेडनं कापायचा, बाभळीच्या काट्यांनी टाचायचा, डिंकानं चिकटवायचा. प्रमाण तिचं तिनंच ठरवलेलं होतं: एक माणूस म्हणजे तिचा एक अंगठा. दार केवढं, तर अंगठा न वाकता आत जाईल एवढं. बाकी सगळं त्यावरून.

आता लोकांची खोड अशी की, दुसऱ्याचे हात कशात गुंतलेले दिसले की ते कशासाठी, हे कळल्याशिवाय त्यांना घास उतरत नाही. आणि झरीत या प्रश्नाला उत्तर एकच होतं. मुलगी हातानं काही सुबक करतेय ना, मग ते रुखवतासाठी. लग्नात मांडवाच्या कोपऱ्यात मांडायचं, नवऱ्याकडच्या बायांनी उचलून बघायचं, आणि मुलीच्या आईनं मान ताठ करायची. चतुराची आई कमलबाई तर गल्लीभर सांगत फिरायची, "आमच्या पोरीचं रुखवत बगत ऱ्हावं आसं व्हनार."

"हे रुखवत न्हाई," चतुरा म्हणायची.

"मंग काय हाय?"

उत्तर तिच्याकडे असायचं, पण ते सांगण्याजोगं माणूस अजून भेटलं नव्हतं.

ते माणूस दुसऱ्या दिवशी माळ्यावर मांडी घालून बसलं. त्या दिवसांत विद्यापीठाच्या नामांतराचं रान पेटलेलं. आज मोर्चा, उद्या बंद. एस्टी कधी जिंतूर गाठायची, कधी झरीतच थांबायची. उमाजी येलदरीचा. घर धरणाकाठी, बाप मेंढरं राखणारा. बसच नाही तर जाणार कसा? तेव्हा गावातली आणखी दोन-चार घरं त्यानं वायरिंगला धरली आणि मुक्काम देवळात टाकला. दत्तरावांच्या माळ्यावरून वायर ओढता ओढता तो मध्येच थांबला.

"एक इचारू का? राग मानू नका..."

"मानायचा का न्हाई ते आइकल्यावर ठरवीन."

"चावडी हाय, तालीम हाय, जिन हाय. घर न्हाई, तुळस न्हाई, बैलगाडी न्हाई. बायामानसानं जायची एकबी जागा न्हाई यात."

चतुराचा हात ब्लेडवरच थांबला. इतकी वर्षं सगळं गाव ते बघून गेलं होतं, कुणाच्या हे डोक्यात आलं नव्हतं.

"म्हनूनच बांधल्यात," ती म्हणाली. "जिथं मला जाऊ देत न्हाईत, ते मी बांधते. चावडीम्होरून जाताना मान खाली घालायची, तालमीच्या गल्लीतून जायचंच न्हाई. का? तर बायाची जात. बरं. मंग मी ते एवढं करते," तिनं हात वीतभर पसरले, "आन् वरचं छप्पर उचलते. बसते बगत. कोन मला काय म्हंतंय बगू."

ती हे बोलली आणि मग एकदम लाजली. इतकं मनातलं आपण याला का सांगितलं? उमाजी हसला नाही. त्यानं पिशवीतून सागवानी पट्टीचे तुकडे काढले, भिंतीवर वायर बसवून उरलेले, आणि तिच्यापुढं ठेवले.

"धाटाला कीड लागती. हे टिकंल." मग जरा थांबून म्हणाला, "मी समद्यांच्या घरात जातो, बगा. पार देवघरापस्तोर. पन आत ये, बस, आसं कुनी म्हनत न्हाई. मेंढक्याचं पोरगं, काम झालं की बाहेर. तवा आत जाऊनबी मी बाहेरच हाय."

बाहेर पावसाची भुरभुर चालली होती आणि माळवदाची माती ओली होऊन तिचा वास माळाभर भरला होता.

"मी किती अंगठे हाय?" उमाजीनं हळूच विचारलं.

चतुरानं एक डोळा मिटला, अंगठा समोर धरला आणि उगाच वेळ लावला. "एकाच्या जरा वर. दारातून वाकून यावं लागंल."

"तुमच्या दारात वाकायला माझी ना न्हाई."

"वायर ओढा," चतुरा म्हणाली. पण डिंकाचं बोट तिनं चावडीऐवजी स्वतःच्या पदरालाच पुसलं.

मग काय विचारता! दत्तरावांच्या घरचा फ्यूज त्या पावसाळ्यात सारखा उडू लागला. कधी तो उडायचा, कधी कुणीतरी हळूच उपसून ठेवायचं. कोण ते फक्त चतुरा सांगू शकली असती. उमाजी यायचा, फ्यूजला तार बांधायचा, आणि माळ्याखाली उभा राहून नव्या नव्या जागांची खबर द्यायचा. जिंतूरच्या कापूस बाजारात काय चालतं, येलदरीच्या वीजघरात यंत्रांच्या आवाजानं पायाखालची फरशी कशी थरथरते. त्याची मोजायची रीतही अजब होती. फूट-इंच त्याला आठवायचे नाहीत. कुठल्या खोलीला किती वायर लागली हे मात्र कधी विसरायचा नाही. "ह्या भिंतीला दोन वाव वायर गेली," म्हणायचा आणि हात पसरून दाखवायचा. चतुरा ते हात बघायची, मापासाठी... आणि माप घेऊन झाल्यावरही बघायची.

"तुमी सांगताव ते खरं कशावरून?" एकदा तिनं विचारलं. "मी काय बगायला जानार हाय का?"

"म्हनूनच खरं सांगावं लागतं," उमाजी म्हणाला.

असं सगळं छान चाललेलं असताना चारठाण्याहून स्थळ आलं.

लिंबाजीराव म्हणजे बडी असामी. ऊस, विहिरी, दारात जीप. मुलगा मुंजाजी सरळ, अबोल. बापापुढं मान वर करत नसे. कमलबाईंनी चहापोह्यांबरोबर चावडीही खाली आणून मांडली. लिंबाजीरावांनी ती चहूबाजूंनी न्याहाळली आणि मांडीवर थाप मारली.

"वा! रुखवत तर तय्यार दिसतंय!"

"हे रुखवत न्हाई," चतुरा म्हणाली. कमलबाईंनी पदराआडून तिला असा चिमटा काढला की पुढचं वाक्य घशातच राहिलं.

"आसं करा," लिंबाजीराव दत्तरावांना म्हणाले, "पोरीच्या हातात कला हाय. तिला म्हनावं आमचंच घर बनव. हुबेहूब! लग्नात रुखवताच्या मधोमध मांडू. लोकांनी बगावं, कोनत्या घरात पोरगी चालली ते. कुंकवाच्या दिवशीच तयार ठेवा."

"घर बगायला कवा येऊ?" चतुरानं विचारलं.

बैठकीत हशा पिकला. लग्नाआधी मुलीनं सासरचा उंबरा ओलांडायचा नसतो, एवढंही पोरीला ठाऊक नाही! लिंबाजीराव पोट धरून हसले. "आगं, बगायला जल्म पडलाय! तवर त्या मेंढक्याच्या पोराला इचार. कोन तो... उमाजी. आमच्या घरची वायरिंग त्यानंच केली."

चतुरा उठून आत गेली. ज्या जागी तिला जाता येत नाही ती जागा बांध, असं आज पहिल्यांदा तिला कुणीतरी सांगितलं होतं, आणि तिचा जीव मात्र तळमळत होता.

उमाजीला निरोप गेला. तो आला, पण आज माळ्यावर नाही. ओसरीवर बसला, पायऱ्यांच्या अगदी कडेला. मध्ये सूप घेऊन डाळ निवडत कमलबाई. नेहमी हसून बोलणारं माणूस आज भिंतीकडे बघून बोलत होतं.

"म्होरं कमान. मंग दालन, लय मोठं. पंख्यासाठी येगळी वायर ओढली. दालनाच्या उजव्या अंगाला बैठक. मंग माजघर."

"आन् सैपाकघर?"

"माजघराच्या मागं. एक दिवा. दिवसाबी लावावा लागतो."

"दिवसा? कामून?"

"अंधार हाय."

"खिडकी?"

उमाजीनं मान उचलली. तिच्याकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. "न्हाई."

"मागचं दार तरी?"

"हाय. हिरीकडं जातंय. पन हिरीभवती भित्ताड हाय, डोक्याच्या वर."

"बरं," कमलबाई समाधानानं म्हणाल्या, "पानी घरातच. लय सोय हाय."

उमाजी उठला. चतुराच्या ओठांवर एकच वाक्य आलं होतं: तुमाला काहीच म्हनायचं न्हाई का? पण तो चपला घालून निघालासुद्धा. त्या दिवसापासून तो झरीत दिसला नाही. पुढं एकदा फ्यूज खरोखर उडाला, तर चतुरानं तार स्वतःच बांधली, आणि बांधताना दोनदा डोळे पुसले. दुसऱ्या मुली लग्न ठरलं की नाचतात. हिनं चार दिवस ब्लेडला हात लावला नाही.

पण घर तिनं बांधलं. मन लावून बांधलं, कारण कुचराई तिच्या हाताला माहीत नव्हती. साऱ्या भिंती उमाजीच्या सागवानी पट्ट्यांच्या. कमानीवर कोरीव काम, दालनात दोऱ्याला टांगलेला पंखा, फुंकर मारली की फिरणारा. गल्लीतल्या बाया बघून गेल्या, बोटं तोंडात घालून गेल्या. सगळं झाल्यावर एका दुपारी ती एकटी बसली, छप्पर उचललं, आणि आपला अंगठा स्वयंपाकघरात ठेवला.

अंगठा चुलीपासून विहिरीकडे नेला. विहिरीवरून चुलीपाशी आणला. तिथून माजघर, आणि माजघरापाशी तो थांबला, कारण पुढं दालन, दालनात पुरुष. परत चूल. परत विहीर. एवढं मोठं घर, आणि अंगठ्याला फिरायला जागा किती, तर तिच्याच पंजाखाली झाकेल इतकी. आजवर तिनं दुसऱ्यांच्या जागा वरून बघितल्या होत्या. आज तिला तिचं स्वतःचं सगळं आयुष्य वरून दिसलं. आणि ते तिला नको होतं. साफ नको होतं.

ती दत्तरावांपुढं जाऊन उभी राहिली. "आबा, मला तिथं द्यायचं न्हाई."

"आगं, एवढं मोठं घर!"

"मोठं हाय. माझ्या वाटनीचं लहान हाय."

दत्तराव वाईट माणूस नव्हते. पोरीवर त्यांचा जीव होता. पण शब्द दिला होता, भावकीत सांगून झालं होतं, आणि चारठाण्याच्या जीपमधून उतरणारे पाहुणे त्यांना आत्ताच डोळ्यांपुढं दिसत होते. "लोक थुंकतील तोंडावर," ते म्हणाले आणि पंचा झटकून शेताकडे निघून गेले.

कुंकवाचा, म्हणजे सोयरीक पक्की करायचा, दिवस उजाडला. ओसरीवर गालिचा, गालिच्यावर पुरुष, आत बाया. मधोमध चौरंगावर शेल्याखाली झाकलेलं घर. लिंबाजीरावांना दम कुठला! त्यांनी शेला आपल्या हातानं ओढला, आणि ओसरीभर "अबब" झालं.

"बगा, बगा, कमान बगा! पंखा बगा! ह्याला म्हंतात घर!"

चतुराला बाहेर आणलं. डोक्यावर पदर, हातात पानसुपारीचं ताट. रीत अशी की ताट ठेवायचं, वाकायचं, आणि पाटावर बसायचं. चतुरानं ताट ठेवलं. वाकली नाही. चौरंगापाशी गेली, दोन्ही हातांनी छप्पर उचललं आणि बाजूला ठेवलं.

"मामंजी, यात माझी जागा कोनती?"

कुणाला आधी कळेचना. कुणीतरी हसलं.

"ही बैठक तुमची. दालन पाव्हन्याचं. मी ऱ्हानार ते हितं," तिनं अंगठा चुलीजवळ टेकवला. "हितून हिरीवर. हिरीवरून हितं. खिडकी न्हाई, बाहेर जायाला वाट न्हाई. दिवसा दिवा लावून भाकरी थापायच्या. मी हे बांधलं, नीट बगितलं. मला यात ऱ्हायचं न्हाई."

कमलबाईंनी आतून हंबरडाच फोडला. दत्तरावांचं तोंड पांढरं पडलं. लिंबाजीराव मात्र चौरंगावर वाकले, स्वयंपाकघरात डोकावले, आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"खिडकी न्हाई? आगं, हाय की खिडकी! रस्त्याच्या अंगाला. मी सोता बसवलीया, घर बांधलं तवा! त्या मेंढक्याच्या पोरानं खोटं सांगितलं, आन् तू माझ्या घराची अब्रू चव्हाट्यावर मांडली?"

ओसरी एकदम त्यांच्या बाजूची झाली. माना हलल्या. चतुरानं वाकून स्वयंपाकघराच्या कोऱ्या भिंतीकडे बघितलं. खिडकी आहे? मग उमाजी खोटं बोलला? का? आपण हे घर कुणाच्या शब्दावर बांधलं होतं? एवढ्या लोकांपुढं तिच्याजवळ फक्त एकच गोष्ट होती, आपलं बांधकाम खरं आहे ही. तीच निसटली, तर उरलं काय?

"व्हती खिडकी. आता न्हाई."

आवाज माजघराच्या दारातून आला. लिंबाजीरावांची बायको सरजाबाई उंबऱ्यात उभी होती. मग ती बाहेर आली, सरळ पुरुषांच्या बैठकीत, चौरंगापाशी. तिला असं येताना कुणी कधी बघितलं नव्हतं. लिंबाजीरावांनीही नाही.

"मी लगीन व्हऊन आले तवा व्हती. रस्त्यानं बाजाराला मानसं जायची, बैलं जायची. भाकरी थापता थापता बगायचे मी. तुमच्या मायनं बुजवली. सून रस्त्याकडं बगती म्हनून. मुंजाजीबी जलमला नव्हता तवा."

"मला कुनी सांगितलं न्हाई," लिंबाजीराव पुटपुटले.

"सांगायचं कशाला? आत येऊन बगायचं. इमानानं सांगा... त्या खोलीत तुमी कवा आलाव?"

घर बांधून झाल्यावर त्या खोलीत लिंबाजीराव खरंच कधी गेले नव्हते. ताट बाहेर यायचं, पाणी बाहेर यायचं, जायचं कशासाठी? मुंजाजीनं त्या दिवशी पहिल्यांदा मान वर केली आणि आईकडे बघितलं.

सरजाबाईनं एका भिंतीवर बोट ठेवलं. "हितं व्हती. पोरी, पाडतीस का?"

चतुरानं आतून ब्लेड आणलं. सागवान ते, सहजासहजी कापलं जाईना. सगळी ओसरी बघत उभी आणि ही मुलगी खाली मान घालून खिडकी पाडतेय, असा तो प्रसंग. भुसा पडला, उजेडाचा चौकोन चुलीपाशी आला. सरजाबाई खूप वेळ त्यातून बघत राहिली.

कुंकू लागलं नाही. जीप फिरली तेव्हा लिंबाजीराव पुढं तोंड घट्ट मिटून बसले होते, आणि मागं सरजाबाईच्या मांडीवर ते घर होतं. तिनं ते कुणाच्या हाती दिलं नाही.

त्यानंतर झरीनं चतुराला काय काय म्हटलं, ते सांगत बसण्यात अर्थ नाही. बोलणाऱ्यांची तोंडं दुखली की ती आपोआप मिटतात. कमलबाई कपाळाला हात लावून बसायच्या. "आता कोन येनार तुला मागायला?"

"कुनी येऊ नये. मीच जाते."

ती दत्तरावांकडे गेली. "आबा, मी येलदरीला चालले. उमाजीकडं. चोरून जात न्हाई, सांगून जातेय." दत्तरावांनी तोंड फिरवलं. ती वाट बघत उभी राहिली. ओरडतील, दार लावतील. पण ते पाठमोरेच म्हणाले, "जिंतूरला गाडी बदलावं लागती."

येलदरीला उतरली तेव्हा धरणावर ढग उतरले होते आणि पाण्याचा, मासळीचा, ओल्या लोकरीचा मिळून एक वास हवेत होता. उमाजीचं घर विचारायला लागलं नाही. मेंढरांच्या वाड्यापाशी तो कुंपणाची काटेरी फांदी ओढत उभा होता. तिला बघून फांदी हातातच राहिली.

"मापं खरी व्हती," चतुरा म्हणाली. ना नमस्कार, ना काही.

"व्हय."

"मंग तोंड लपवून कामून बसलाव?"

त्यानं फांदी खाली टाकली. उचलली. परत टाकली. "कसं सांगू... त्या दिशी मी खोटं बोलायचं ठरवून आलतो. त्या घराच्या सैपाकघराला खिडकीच न्हाई म्हनून सांगायचं, मागं उंच भित्ताड हाय म्हनायचं, म्हंजी तुमी नको म्हंताल. एस्टीत सबंध रस्ता तेच घोकत आलो. आन् तुमच्या ओसरीवर बसलो, तोंड उघडलं, तवा ध्यानात आलं..."

"काय?"

"आवं, खरंच न्हाई की तिथं खिडकी! भित्ताडबी हाय! माझ्या डोक्यात जे वाईटातलं वाईट आलं, ते तिथं आधीच बांधून ठिवलेलं." तो कळवळून सांगत होता. "मंग मी बोललो ते खरं, का लबाडी, हे माझं मलाच कळंना. मनात लबाडी व्हती ना. तुमच्याम्होरं उभं ऱ्हायची लाज वाटाय लागली."

चतुरानं त्याच्याकडे बघितलं आणि तिला हसू फुटलं. इतक्या दिवसांचं कोंडलेलं हसू. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसली, आणि मेंढरं बावरून एका कोपऱ्यात गोळा झाली.

"खोटं कामून बोलायचं व्हतं?" तिनं विचारलं. ठाऊक होतं, तरी विचारलं.

"आता तेबी माझ्याच तोंडून..."

"व्हय. तुमच्याच तोंडून. मी एवढ्या लांबून आलेय ते काय मेंढरं बगायला?"

"तुमी कुनाच्या घरात जाऊ नये म्हनून," उमाजी म्हणाला. मग मान हलवली. "न्हाई... माझ्या घरात यावं म्हनून. पन आमचं घर म्हंजी... तुमी दत्तरावाची लेक. आमी मेंढकी. लोक..."

"लोकांचं मला सांगू नका. ते आइकून आलेय मी सगळं."

एवढ्यात आतून त्याच्या आईचा, कोंडाबाईचा आवाज आला. "उमा, कोन हाय रं? पाव्हनी हाय का? भिजायलीय की ती. आत आन."

उमाजीनं चतुराकडे बघितलं. पाऊस तिच्या केसांवर दाण्यादाण्यानं बसत होता, आणि ती काही मदत करणार नाही असं तोंड करून उभी होती.

"माय, पाव्हनी न्हाई," तो म्हणाला.

"मंग कोन?"

"तुझी... तुझी सून व्हनार हाय. तिनं ठरवलंय. आन् मीबी."

"मीबी?" चतुरानं भुवया उचलल्या. "ते शेवटी कामून? आन् एवढं हळू? पलीकडच्या वाड्यात गेलं का आइकू?"

उमाजीनं छाती भरून श्वास घेतला. धरणाकडे तोंड केलं, आणि असा ओरडला की पाण्यावर जाळी ओढणाऱ्यांनी वळून बघितलं. "मी ठरवलंय! ह्या पोरीसंगं लगीन करायचं मी ठरवलंय! आन् तिनंबी!"

"आता बरं," चतुरा म्हणाली, आणि डोक्यावर पदर न घेता त्याच्या आधी आत गेली.